शेतातील विषबाधा, सर्पदंश आणि १०८ ची रुग्णवाहिका

वाशिम जिल्ह्यात सोयाबीनवरील फवारणीची घाई आणि पावसाचा जोर एकाच सुमारास येतो. फवारणीची विषबाधा व सर्पदंश हे दोन्ही प्रकारही याच दिवसांत अधिक घडतात. दोन्हींत रुग्ण किती लवकर दवाखान्यात पोहोचतो यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १०८. सुरुवातीला राज्यभर ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ गाड्यांत कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रासारखी प्रगत साधने, तर ७०४ गाड्यांत प्राणवायू व प्रथमोपचाराची साधने होती. चालकासोबत डॉक्टर असावा अशी या सेवेची रचना आहे. फोनला व गाडीला पैसे लागत नाहीत. १०२ ची गाडी मात्र वेगळी. ती मुख्यतः गरोदर माता व नवजात बालकांसाठी आहे.

आता मुख्य अडचण. तुमचा १०८ चा फोन वाशिमला नव्हे, पुण्याच्या नियंत्रण कक्षात लागतो. तेथे बसलेल्या माणसाला तुमचे शिवार ठाऊक नसते. ‘बाभळीच्या धुऱ्यापाशी या’ असे सांगून उपयोग नाही, आणि गट क्रमांकही चालकाच्या कामाचा नाही. आधी जिल्हा, मग तालुका, गाव आणि शेवटी डांबरी रस्त्यावरील ठळक खूण सांगावी, जसे फाटा, जिल्हा परिषदेची शाळा किंवा मंदिर. एकाच नावाची गावे अनेक असतात, म्हणून तालुका कधीही वगळू नये. मानोरा तालुक्यात तर तांड्याचे बोलीतले नाव एक आणि कागदावरचे दुसरे असू शकते. अशा वेळी दोन्ही नावे सांगावीत. ज्या फोनवरून कळविले तो मोकळा ठेवावा. गाडीवरून उलट फोन येतो, आणि त्याच वेळी आपण पाहुण्यांना बातमी सांगत असतो!

गाडी येते ती रस्त्यापर्यंत. डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून वाहता झाला, पण काळ्या जमिनीतली पांदण पावसात होती तशीच आहे. चिखलात रुतलेली रुग्णवाहिका कोणाच्याच कामाची नाही. म्हणून गाडी कोठे थांबेल ते फोनवरच ठरवावे, एक माणूस तेथे पुढे पाठवावा (रात्री हातात बॅटरी द्यावी), आणि रुग्णाला खाटेवर, बंडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवे निजवून त्या जागेपर्यंत आणावे. प्रत्येक शिवारासाठी अशी जागा हंगामापूर्वीच ठरवून सालदारालाही सांगून ठेवलेली बरी. गाडी यायला फार वेळ लागणार असे कळले, तर मिळेल त्या वाहनाने निघावे आणि तसे १०८ ला कळवावे. वाटेत गाठ पडू शकते.

सर्पदंश झालेल्या माणसाला चालवू अथवा पळवू नये. हालचालीने विष लवकर पसरते. चावलेला हात किंवा पाय काठीच्या आधाराने स्थिर बांधावा. मात्र दोरी आवळणे, चिरा देणे, विष चोखणे यांतले काहीही करू नये. अंगठी, कडे, जोडवी काढून ठेवावीत. रानडुकरांपासून पीक राखायला जागलीवर जाणाऱ्यांनी मण्यारची विशेष धास्ती बाळगावी. तिच्या दंशाने फारशी सूज किंवा वेदना होत नाही, माणूस पुन्हा झोपी जातो, आणि काही तासांनी पापण्या जड होऊन श्वास अडू लागतो. दुखत नाही म्हणून सकाळपर्यंत थांबणे हीच मोठी चूक ठरते. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. मांत्रिकाकडे गेलेला तासही परत मिळत नाही.

फवारणीच्या विषबाधेत जास्त घाम, लाळ, मळमळ, अंधुक दिसणे, स्नायू फडफडणे ही लक्षणे दिसतात. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. रुग्णाला लगेच शेताबाहेर मोकळ्या हवेत न्यावे, भिजलेले कपडे काढावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे. मदत करणाऱ्याने हातमोजे किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळावी. उलटी करवू नये; दूध, तूप, लिंबूपाणी देऊ नये. शुद्ध हरपत असल्यास कुशीवर निजवावे. अशा रुग्णाला मोटारसायकलवर बसवणे धोक्याचे आहे.

आणि डबा! अनेक जण तो बांधावरच विसरतात. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशकाच्या विषबाधेवर डॉक्टर ॲट्रोपीन देतात, पण प्रत्येक औषधावर तोच उतारा चालत नाही. डब्यावरील चिठ्ठीवर औषधाचे शास्त्रीय नाव व उतारा छापलेला असतो. दोन-तीन औषधे एकत्र केली असल्यास सर्व डबे तोंडे घट्ट लावून, पिशवीत घालून रुग्णासोबत द्यावेत. फवारणी किती वाजता सुरू केली व पहिला त्रास केव्हा जाणवला, हे कागदावर लिहून तो कागद गाडीतील डॉक्टरांच्या हाती द्यावा.