रोजची मुंबई आणि त्या दिवशीची मुंबई

वाचकहो, गेली बावीस वर्षे मी अंबरनाथहून मुंबईला नोकरीसाठी जातो. मस्जिद बंदरच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात कारकून आहे. जायला साठेक किलोमीटर आणि यायला साठेक किलोमीटर. हिशेबाचा माणूस असूनही बावीस वर्षांत एकूण किती प्रवास झाला, हा हिशेब मी कधी मांडला नाही. पण कुणी विचारले, "मुंबई पाहिली का हो तुम्ही?" तर जीभ अडखळते. मस्जिदचा पूल, ऑफिसचा लाकडी जिना, चहाची टपरी, आणि दरवर्षी ६ डिसेंबरला दादरची रांग. माझी मुंबई एवढीच! आपल्यापैकी कितीतरी जणांची मुंबई एवढीच असते.

आम्ही पाच शाळासोबती. १९९७ साली दहावी झालो तेव्हा ठरवले होते की एक दिवस पाचही जणांनी मिळून मुंबई पाहायची, पायी हिंडायची. पुढे एक मास्तर झाला, एक रंगकाम करणारा मिस्त्री झाला, एक रेल्वेच्या वर्कशॉपात लागला, मी कारकून झालो. पाचवा रिक्षा चालवायचा. दरवर्षी दिवाळीत बेत व्हायचा आणि दरवर्षी कुणाची तरी अडचण निघायची. कुणाची ड्युटी, कुणाच्या बहिणीचे लग्न, कुणाच्या मुलाची फी. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने आमचा पाचवा सोबती नेला. बेत तसाच राहिला.

त्याचा मुलगा बारावीला होता. हुशार, पण घरची ओढाताण पाहणारा. एके दिवशी त्याची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "भावोजी, पोरगा म्हणतोय बारावीनंतर शिकणार नाही, पार्सल पोचवायच्या कामाला लागणार. तुम्ही चौघं बोला त्याच्याशी." मी संध्याकाळी मास्तरांकडे गेलो. मास्तर म्हणाले, "भाषण देऊ नका. पोरं भाषणाला कंटाळलीत. आपला राहिलेला बेत आहे ना, त्यात त्याला बापाच्या जागी घेऊ."

आणि ११ जानेवारी २०२५, दुसऱ्या शनिवारी, अठ्ठावीस वर्षांनी आमची सहल निघाली. चौघे आम्ही आणि पाचवा तो.

वर पाहणे

सकाळची लोकल. गर्दी कमी असल्याने बसायला मिळाले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. या स्टेशनात मी शेकडो वेळा उतरलो असेन, पण नेहमी मान खाली आणि पाय पळते. त्या दिवशी मास्तरांनी आम्हाला रस्ता ओलांडून पलीकडे नेले आणि सांगितले, "आता मागे वळा." दगडात कोरलेली पाने, मोर, माकडे, मधला मोठा घुमट! १८७८ साली काम सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स नावाच्या इंग्रज वास्तुशिल्पकाराचे हे काम. शेजारची महानगरपालिकेची इमारतही त्याचीच, ती १८९३ साली पुरी झाली. २००४ पासून हे स्टेशन जागतिक वारशाच्या यादीत आहे.

मिस्त्री बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "नाव साहेबाचं. पण हा एकेक मोर छिन्नीनं काढणारा हात कुणाचा असेल रे?" कुणालाच उत्तर देता आले नाही. पण त्यानंतर दिवसभर आम्ही प्रत्येक इमारतीकडे त्याच नजरेने पाहिले.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने चालत निघालो. कमानींखाली पुस्तके, पट्टे, घड्याळे मांडून बसलेली माणसे. याच रस्त्यावर आनंद भवन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरत. मी स्वतः नोकरी सांभाळून, बाहेरून परीक्षा देऊन बी.कॉम. झालो आहे. त्यामुळे पहाटे उठून, डोळ्यांवर झोप घेऊन वर्गात बसणाऱ्यांची किंमत मला कळते. मी पोराला काही समजावणार होतो, तेवढ्यात मास्तरांनी माझा हात दाबला. आम्ही नुसते उभे राहिलो, पाटी वाचली आणि पुढे गेलो.

हुतात्मा चौकात मशाल घेतलेल्या कामगार-शेतकऱ्याच्या पुतळ्यापाशी थांबलो. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी इथे संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या लोकांवर गोळीबार झाला. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले, त्यामागे या रस्त्यावरचे रक्त आहे. माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर त्यांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. पुढची उमर त्यांनी हमाली केली. त्या पुतळ्यातल्या कामगाराकडे पाहून मला वडिलांच्या खांद्यावरचा घट्टा आठवला. लहानपणी ६ डिसेंबरला त्याच खांद्यावर बसून मी दादर पाहिले होते.

पायऱ्यांवरची भाकरी

दुपारी हॉर्निमन सर्कलजवळच्या टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर सावली धरून बसलो. १८३३ साली पुरी झालेली ही इमारत, मोठमोठ्या दगडी खांबांची. इथेच एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. रेल्वेवाल्याच्या घरून भाकरी, मिरचीचा ठेचा आणि सुकटीची चटणी, माझ्या घरून बटाट्याची सुकी भाजी. शेजारी कॉलेजची मुले-मुली फोटो काढत होती. सुकटीचा डबा उघडताना रेल्वेवाला जरा संकोचला. पोरगा म्हणाला, "काका, उघडा ना. भूक लागलीय." डबा उघडला आणि पाच मिनिटांत रिकामाही झाला!

जेवताना मास्तरांनी सोपाऱ्याची हकिगत सांगितली. नालासोपाऱ्याजवळ एक जुनी टेकडी होती, लोक तिला बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ती खणली, तेव्हा कळले की तो बौद्ध स्तूप आहे. आत दगडी पेटी, पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे तुकडे आणि आठ बुद्धमूर्ती निघाल्या. हा ठेवा एशियाटिक सोसायटीकडे आला.

"नालासोपारा?" पोराचा घास हातातच राहिला. "माझी आत्या राहते तिथं! आम्ही दर मे महिन्यात जातो. कुणी कधी सांगितलं नाही."

मास्तर म्हणाले, "मलाही शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. मी पंचेचाळिशीला टेकल्यावर वाचलं."

वाचकहो, नालासोपारा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पावसात तुंबलेले पाणी आणि दाराला लोंबकळणारी माणसे येतात. त्याच सोपाऱ्याचे बंदर एके काळी दूरदेशी ठाऊक होते, हे आपल्या किती घरांत माहीत आहे?

दारातली भीती

जेवून परत फिरलो आणि ओव्हल मैदानाच्या कडेने राजाबाई टॉवर पाहिला. प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला पैसे दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचे नाव दिले. उंची सुमारे २८० फूट, काम १८७८ साली पुरे झाले. मिस्त्रीने मान वर करून परांची किती मजली लागली असेल, त्याचा अंदाज बांधला. मग हळूच म्हणाला, "या भागातल्या दोन-तीन इमारतींना मी बाहेरून रंग दिलाय. आत काय आहे, ते अजून पाहिलं नाही. वॉचमन पाणी प्यायलाही आत सोडत नव्हता."

पुढे काळा घोड्याकडे वळलो. एल्फिन्स्टन कॉलेज लागले. याच कॉलेजातून बाबासाहेब १९१२ साली बी.ए. झाले. समोरच्या बाजूला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मोठा घुमट आणि पुढे बाग. १९२२ पासून लोकांसाठी खुले आहे. मास्तरांच्या यादीत शेवटचे मोठे ठिकाण हेच होते.

आणि इथे, सांगायला लाज वाटते, आम्ही चौघेही फाटकाशी अडलो. गाड्यांतून उतरणारी माणसे, परदेशी पाहुणे, गणवेशातले रखवालदार. मिस्त्री म्हणाला, "तुम्ही जाऊन या, मी इथं बागेबाहेर बसतो." रेल्वेवाल्याने चपलेकडे पाहिले. मी तिकिटाच्या दराचे निमित्त काढले. मास्तरसुद्धा गप्प! चाळिशी ओलांडलेली, मुलाबाळांची, चळवळीत सभा गाजवणारी आम्ही माणसे. आम्हाला कुणी हटकले नव्हते, कुणी अडवले नव्हते. तरी पाऊल उचलेना. पिढ्यान्पिढ्या दाराबाहेर उभे राहण्याची सवय अशी पायांत मुरलेली असते.

पोरगा आमच्याकडे पाहतच राहिला. मग सरळ तिकिटाच्या खिडकीशी गेला, चौकशी केली आणि परत येऊन म्हणाला, "पाच तिकिटं काढतो. चला, आत पंखे आहेत." त्याला आमच्या मनातले काही कळलेच नव्हते. त्याच्यासाठी ते फक्त एक दार होते. मिस्त्रीला त्याने दंडाला धरून आत नेले.

आत सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपावरचा भाजक्या मातीचा बुद्ध पाहिला. आणि मग मास्तरांनी शोधत शोधत जे दाखवले, त्यासाठी पुन्हा दहा वेळा यावे. सम्राट अशोकाचा सोपाऱ्याला सापडलेला शिलालेखाचा तुकडा! लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सोपाऱ्यातच सापडलेला हा आठव्या लेखाचा भाग. त्यात काय आहे, ते मास्तरांनी आपल्या बोलीत सांगितले. पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकारीला आणि मौजेला निघत. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीची, म्हणजे बोधगयेची वाट धरली आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांना आणि वृद्धांना भेटायचे, दान करायचे, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलायचे, धम्माची विचारपूस करायची.

पोरगा तुकड्यासमोर खूप वेळ उभा होता. मोबाईल खिशातच होता. म्हणाला, "काका, हे वाचायला शिकता येतं?"

मास्तर म्हणाले, "येतं. कॉलेजात शिकवतात."

एवढेच. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिले आणि कुणी एक शब्द जास्त बोलला नाही.

परतीची गाडी

संध्याकाळी गेटवेला गेलो. १९२४ साली खुला झालेला हा दरवाजा आणि दुपारचे संग्रहालय एकाच वास्तुशिल्पकाराने, जॉर्ज विटेटने, आखलेले. समुद्रावरचा वारा खाल्ला, चहा घेतला, बेस्टच्या बसने स्टेशनवर आलो. लोकलमध्ये पाय ठणकत होते. दादर आले तेव्हा पाचही जणांनी नकळत हात जोडले. पोरगा खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "पप्पांना आवडलं असतं." मिस्त्रीने डोळे पुसले आणि घाम पुसल्यासारखे केले.

कल्याणच्या पुढे त्याने मला विचारले, "काका, सकाळच्या कॉलेजला आपल्याकडून किती वाजताची गाडी धरावी लागेल?" मी वेळ सांगितली. बावीस वर्षांच्या प्रवासाचा तेवढा तरी उपयोग झाला!

हा लेख लिहिताना सांगायला बरे वाटते की बारावी पास होऊन तो मुंबईच्या एका कॉलेजात सकाळच्या वर्गाला जातो. दुपारनंतर पार्सल पोचवतो. दोन्ही चालू आहे. ओढाताण संपलेली नाही आणि पुढे कसे होईल, हे आज कुणी सांगू शकत नाही. पण पहाटे तो गाडी धरतो.

बंधू-भगिनींनो, आपण त्याला धडा द्यायला निघालो होतो आणि दारात आम्हालाच धडा मिळाला. म्हणून एवढीच विनंती. राहिलेला बेत पुढच्या दिवाळीवर टाकू नका, पुढच्या दिवाळीला कोण असेल सांगता येत नाही. एक सुट्टीचा दिवस काढा, भाकरी बांधून घ्या, शेजारपाजारची पोरे-पोरी सोबत घ्या. कमरेचे दुखणे असलेल्या म्हाताऱ्यांनाही जपून घ्या. आणि फाटकाशी पाय अडला, तर मुलांना पुढे करा. त्यांना आत जाऊ द्या आणि त्यांच्या मागून आपणही जा.

जयभीम!