‘चार आठ’ म्हणजे किती? वाड्याच्या मोजमापातला दशांशाचा घोळ

बेळगावातला एक जुना वाडा पाडायचा ठरला, तेव्हा मालकांच्या परवानगीने मंडळातल्या आम्ही चौघांनी तो दोन दिवसांत मोजून घेतला. एकजण टेप धरून आकडे सांगायचा, मी वहीत लिहायचो. आता तिथे वाडा नाही, सपाट जागा आहे. उरलीय ती फक्त वही, आणि नकाशा काढायला बसल्यावर त्या वहीतच घोळ सापडला.

सोप्याची रुंदी मी 4.8 मीटर लिहिली होती. लांबी 6.10, कर्ण 7.34. पण 4.8 आणि 6.10 बाजूंच्या चौकोनाचा कर्ण 7.76 यायला हवा. 42 सेंटिमीटरचा फरक! थोडं आठवल्यावर उलगडा झाला. टेप धरणारा म्हणाला होता, ‘चार आठ’. त्याच्या मनात होतं चार मीटर आठ सेंटिमीटर. मी मधे टिंब देऊन मोकळा झालो.

दशांश चिन्हानंतरचं पहिलं घर मीटरच्या दहाव्या भागाचं, म्हणजे 10 सेंटिमीटरचं. दुसरं घर शंभराव्या भागाचं, म्हणजे 1 सेंटिमीटरचं. तिसरं मिलिमीटरचं. म्हणून 4.8 म्हणजे चार मीटर ऐंशी सेंटिमीटर. चार मीटर आठ सेंटिमीटर लिहायचे तर पहिल्या घरात शून्य हवं: 4.08. रुपया-पैशांत आपण हे बरोबर करतो. चार रुपये आठ पैसे कुणी 4.8 लिहीत नाही. 4.08 घेऊन कर्ण काढला आणि तो बरोबर 7.34 आला.

ही चूक लवकर लक्षात येत नाही, त्याला कारण आहे. सुटे सेंटिमीटर 10 किंवा जास्त असले की दोन्ही समजुतींनी आकडा एकच येतो. सहा मीटर दहा सेंटिमीटर म्हणजे 6.10च. घोळ होतो तो सुटे सेंटिमीटर 1 ते 9 असतात तेव्हाच. त्यामुळे वहीची पानंच्या पानं बरोबर असतात, आणि मधेच एखादी भिंत पाऊण मीटरने सरकते.

सवयही आड येते. आपल्या घरांत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. सव्वा, दीड, अडीच जिभेवर असत. म्हणजे हिशेब चौथाईचा. बांधकामात फूट-इंच, तिथे बाराचा हिशेब. मेट्रिक मापांचा कायदा 1956 सालचा, दशमान नाणी 1957 पासूनची. पण गवंडी-सुतारांशी आपण अजून फुटातच बोलतो. जुन्या वह्यांत दहा फूट सहा इंच हे 10.6 असं लिहिलेलं सापडतं. ते टिंब दशांशाचं नव्हे, फूट आणि इंच वेगळे दाखवायचं. 6 इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणून दशांशात ते 10.5 फूट, 0.3048 ने गुणलं की 3.20 मीटर. 10.11 तर त्याहून फसवं. दहा फूट अकरा इंच म्हणजे 3.33 मीटर, पण दशांश समजून गुणलं तर 3.08 येतात. जवळजवळ 25 सेंटिमीटर गेले!

बोलण्यातही ठेच लागते. ‘चार पॉइंट पंचेचाळीस’ हे कानाला ‘चार पॉइंट पाच’पेक्षा मोठं वाटतं. प्रत्यक्षात 4.45 लहान, 4.50 मोठं. म्हणून टिंबानंतरचे आकडे सुटे वाचावेत: चार, पाच.

आता आम्ही जागेवर टिंब वापरतच नाही. सांगणारा सगळं सेंटिमीटरमध्ये सांगतो, ‘चारशे आठ’, आणि लिहिणारा ते मोठ्याने परत वाचतो. मीटर घरी आल्यावर करायचे, टिंबानंतर नेहमी दोन आकडे. प्रत्येक खोलीचा एक तरी कर्ण घ्यायचाच. आणि जुनी वही हाती आली, तर आधी तिच्यात टिंबानंतर 12 किंवा त्याहून मोठा आकडा येतो का ते बघायचं. पानंच्या पानं एकही आला नाही, तर ते टिंब बहुधा फूट-इंचाचं.

त्या वाड्याच्या माडीवरच्या दोन खोल्यांचे कर्ण आम्ही घेतले नव्हते. त्यांच्या रुंदीपुढे वहीत 3.6 आणि 2.9 आहे. साठ की सहा, नव्वद की नऊ, हे आता कोण सांगणार? नकाशात त्या भिंती मी तुटक रेघेने काढल्या आहेत.