पडद्यावरचे बिननावाचे मावळे

फेब्रुवारी 2022 मध्ये कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओची विक्री आधीच होऊन गेल्याचे उघड झाले, तेव्हा कलावंत आणि तंत्रज्ञ आंदोलनाला बसले आणि भालजी पेंढारकर, चंद्रकांत, सूर्यकांत, लता मंगेशकर ही नावे पुन्हा सर्वांच्या तोंडी आली. त्या नावांचा मान रास्तच आहे. परंतु ज्या पटांगणात मराठी ऐतिहासिक चित्रपटांच्या लढाया उभ्या राहिल्या, तेथे ढाली, भाले आणि मशाली घेऊन धावलेल्या माणसांचा विषय त्याही वेळी बाजूलाच राहिला. या माणसांना चित्रपटाच्या धंद्यात पूर्वी ‘एक्स्ट्रा’ म्हणत आणि आता ‘ज्युनिअर आर्टिस्ट’ म्हणतात. रोजंदारीवर घेतलेला, संवाद नसलेला किंवा एखाद्याच आरोळीपुरता असलेला नट असा त्याचा अर्थ. श्रेयनामावलीत, म्हणजे चित्रपटाच्या आरंभी वा अखेरीस दाखवल्या जाणाऱ्या नावांच्या यादीत, त्यांच्या वाट्याला फार तर ‘व इतर’ एवढेच येत असे.

आरंभकाळाविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून त्यावर रेंगाळण्याचे कारण नाही. बाबूराव पेंटर यांच्या 1923 च्या ‘सिंहगड’मध्ये शेलारमामा झालेले शांताराम 1930 मध्ये प्रभातच्या ‘उदयकाल’मध्ये शिवाजी महाराज झाले, हे सर्वश्रुत आहे; पण त्यांच्या मागून गड चढणारे कोण होते, हे कोणी टिपून ठेवले नाही. मूकपटांच्या बहुतेक प्रती नष्ट झाल्या आणि 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिती, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्रकारच्या फिती, जळाल्या. त्यामुळे त्या काळातील चेहरे ओळखण्याची वाट जवळजवळ बंद झाली आहे.

खरी हळहळ वाटते ती त्यानंतरच्या काळाची. 1948 मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाल्यावर भालजींनी तो पुन्हा उभा केला आणि 1952 मध्ये ‘छत्रपती शिवाजी’, 1956 मध्ये ‘पावनखिंड’, तर 1964 मध्ये ‘मराठा तितुका मेळवावा’ असे चित्रपट दिले. स्वराज्य हे सरदार-दरकदारांइतकेच नांगर सोडून आलेल्या साध्या कुणब्याने उभारले, ही या चित्रपटांची मूळ धारणा होती आणि ती मनापासून मांडलेली होती. मग ज्यांनी त्या कुणब्याचा वेश चढवला त्यांची नावे लिहून ठेवण्याची निकड कोणालाच का वाटली नाही, हा प्रश्न मराठी चित्रपटाच्या इतिहासकारांनी आजवर टाळला आहे. तारखा, पारितोषिके आणि नायकनायिकांचे रुसवेफुगवे यांनी त्यांचे ग्रंथ भरले. हजेरीपट मात्र रद्दीत गेले.

पन्नासच्या दशकातील हे चित्रपट खानदेशात पोचले ते मुख्यतः यात्रांतील तंबूमधून. खानदेशातल्याच पारोळ्यासारख्या गावाला ऐतिहासिक चित्रपट ही परकी गोष्ट नव्हती. येथील भुईकोट किल्ला हरी सदाशिव दामोदर यांनी 1727 च्या सुमारास बांधला. पुढे येथील जहागीरदार झाशीच्या राणीच्या नात्यातले म्हणून 1857 च्या उठावात इंग्रजांच्या रोषाला पात्र ठरले आणि 1859 मध्ये गाव जप्त होऊन किल्ल्याची मोडतोड झाली. सोहराब मोदी यांचा ‘झाँसी की रानी’ 1953 मध्ये टेक्निकलरमध्ये, म्हणजे त्या काळी परदेशातून आणाव्या लागणाऱ्या रंगीत छायाचित्रणाच्या पद्धतीने, पडद्यावर आला, तेव्हा राणीची भूमिका मेहताब यांनी केली आणि चित्रीकरण ‘गॉन विथ द विंड’वर काम केलेल्या अर्नेस्ट हॅलर यांनी केले, याची नोंद सर्वत्र सापडते. तटावरून पडणाऱ्या शिपायांची सापडत नाही. उठावात पारोळ्याच्या जहागीरदाराबरोबर ज्यांची भाकरी गेली त्यांचीही अशी नोंद नाही, आणि या दोन अभावांची जात एकच आहे.

ओळख पटवण्याचे काम अशक्य मुळीच नाही, पण ते चिकाटीचे आहे. चित्रपटगृहाबाहेर विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका, चित्रीकरणस्थळी काढलेली स्थिरचित्रे आणि रोजंदारीच्या पावत्या ही त्याची साधने होत. फीत एकेक चौकट थांबवून पाहिली की एकच चेहरा सकाळच्या प्रसंगात मावळा आणि दुपारच्या प्रसंगात मोगल शिपाई असल्याचे दिसते; दाढी चिकटवली तरी कानाची पाळी बदलत नाही, पगडी बदलली तरी चालण्याची ढब राहते. घोडेस्वार ओळखणे त्याहून सोपे जाते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आयुष्य काढलेल्या माणसाला रिकिबीत पाय कसा टेकला आहे आणि लगाम कोणत्या हाताने आखडला आहे एवढ्यावरून पिढीजात स्वार कोणता आणि रोजावर बसवलेला पोरगा कोणता हे सांगता येते. चित्रपट संग्रहालयांनी अशा जाणकारांना केव्हाच पडद्यासमोर बसवायला हवे होते. ज्यांनी पन्नासच्या दशकातले चित्रपट तंबूत मांडी घालून पाहिले, ती पिढी आज ऐंशीच्या घरात आहे.

ओळख पटली की चित्रपटाचा इतिहासच वेगळा दिसू लागतो, याचे उदाहरण मास्टर विठ्ठल यांचे आहे. 1931 च्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचा हा नायक उतारवयात किरकोळ भूमिकांत वावरला. नाव माहीत असल्यामुळेच त्या भूमिका आज शोधल्या जातात. शेजारी उभ्या असलेल्या गड्याकडे कोणी पाहत नाही.

भालजींच्या त्या चित्रपटांनंतरची दशके या दृष्टीने कोरडी गेली. 31 जानेवारी 1981 रोजी दिल्लीत ‘गांधी’ चित्रपटातील अंत्ययात्रेसाठी सुमारे 3 लाख माणसे जमवली गेली आणि त्या आकड्याचाच विक्रम म्हणून गौरव झाला. पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी ‘मॅसिव्ह’ ही संगणकप्रणाली तयार झाली आणि हजारोंचे सैन्य माणसांवाचून उभे करता येऊ लागले. 2018 च्या ‘फर्जंद’पासून शिवकालीन मराठी चित्रपटांची जी लाट आली, तिच्यातही गर्दीचा बराच भाग संगणकाने भरला जातो, आणि उरलेल्या हाडामांसाच्या माणसांची नावे अखेरीस धावत्या ओळींत आली तरी दूरचित्रवाणी वाहिन्या ती कापतात, तर घरबसल्या चित्रपट दाखवणारी माध्यमे त्या ओळी कोपऱ्यात आक्रसून पुढच्या चित्रपटाची जाहिरात करतात. हा सरळसरळ अन्याय आहे, कारण 1952 च्या निर्मात्याजवळ फितीची काटकसर हे कारण तरी होते. आजच्या निर्मात्याकडे ती अडचण नाही. पारोळ्याच्या, अमळनेरच्या किंवा एरंडोलच्या एखाद्या तरुणाने आज पडद्यावर भाला धरला असेल, तर त्याचा रोज कोणी तरी कोणत्या तरी यादीवर खूण करूनच चुकता केलेला असतो, आणि ती यादी श्रेयनामावलीच्या शेवटी जशीच्या तशी जोडायला निर्मात्याला वेगळा खर्च येत नाही.