सिनेट : राज्यांनी आपणहून सोडलेला हक्क

जानेवारी १८९९. अमेरिकेतल्या मोंटाना राज्याची राजधानी हेलेना. फ्रेड व्हाइटसाइड नावाच्या आमदाराने विधिमंडळापुढे ३०,००० डॉलर रोख ठेवले. तांब्याच्या खाणींचे मालक विल्यम क्लार्क यांना सिनेटवर पाठवण्यासाठी आमदारांना वाटले जाणारे हे पैसे, असा त्याचा आरोप होता. तरीही त्याच महिन्यात विधिमंडळाने क्लार्क यांनाच निवडले. पुढे सिनेटच्या समितीने निवड रद्द करण्याची शिफारस केली, तेव्हा त्यांनी १९०० साली राजीनामा दिला.

हे घडू शकले, कारण १७८७च्या राज्यघटनेने सिनेटर निवडण्याचे काम राज्यांच्या विधिमंडळांकडे सोपवले होते. त्यामागचा विचार पक्का होता. संसदेचे प्रतिनिधिगृह जनतेचे, सिनेट राज्यांची. राज्य लहान असो वा मोठे, जागा दोनच. विधिमंडळे आपल्या सिनेटरला मत कसे द्यायचे याच्या सूचनाही धाडत. व्हर्जिनियाची अशी सूचना पटली नाही, म्हणून जॉन टायलर यांनी १८३६मध्ये सिनेट सोडली. पण सूचना मोडणाऱ्या सिनेटरला परत बोलावण्याची सोय घटनेत नव्हती, त्यामुळे सिनेटरला राज्याशी बांधणारा हा धागा मुळातच कच्चा होता.

निवडीचे ओझेही विधिमंडळांना झेपेना. १८५८मध्ये इलिनॉयभर लिंकन आणि डग्लस यांच्या वादसभा गाजल्या, त्या सिनेटच्या जागेसाठी. मतदार मात्र मत देत होते आमदारांना. राज्याचे रस्ते, शाळा बाजूला पडत आणि आमदाराची निवड दूरच्या वॉशिंग्टनसाठी होई. डेलावेअरमध्ये तर निवडीचा पेच इतका चिघळला, की १९०१ ते १९०३ या काळात त्या राज्याच्या सिनेटमधल्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या.

ओरेगनने वाट काढली. लोक ज्याला कौल देतील त्यालाच मत देऊ, असे वचन तिथे उमेदवार आमदार देऊ लागले. १९०९मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने वचन पाळले आणि डेमोक्रॅट जॉर्ज चेंबरलेन यांना निवडले. ८ एप्रिल १९१३ रोजी सिनेटर थेट जनतेने निवडण्याची तरतूद करणारी सतरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. तिला मान्यता देणारी विधिमंडळेच होती, हे विसरता कामा नये. विधिमंडळांचा निवडीचा हक्क कुणी हिसकावला नाही.

किंमत मात्र मोजावी लागली. सिनेटर आता राज्यातल्या मतदारांना बांधील, राज्यसरकारला नाही. केंद्राने खर्चाचा बोजा राज्यांवर टाकला, तर हरकत घेणारा राज्यसरकारचा स्वतःचा माणूस सभागृहात नसतो. म्हणून ही दुरुस्ती रद्द करा, अशी मागणी अधूनमधून होते. सिनेटर झेल मिलर यांनी २००४मध्ये तसा ठरावही मांडला होता.

पण जुनी पद्धत परत आणून काम भागेल का? आपल्या राज्यसभेकडे पाहा. तिथले बहुतेक सदस्य आजही आमदारच निवडतात. जागा मात्र समान नाहीत : महाराष्ट्राच्या १९, गोव्याची एक. २००३पासून उमेदवार त्या राज्यातला मतदार असण्याची अटही उरलेली नाही आणि मतदान खुले झाले आहे. उमेदवारी पक्ष ठरवतो. आमदारांनी निवडले म्हणून सदस्य राज्याचा होतोच, असे नाही.

संघराज्य टिकते ते राज्याला जाब देण्याच्या बंधनाने. निवडणुकीची रीत कोणतीही असो, ते बंधन नसेल तर राज्याची खुर्ची भरलेली दिसते आणि राज्य मात्र गैरहजर असते.