बारामतीत काटा कायम ‘वादळा’वर का?

हौसेने आणलेला जुना विलायती बॅरोमीटर बारामतीतल्या भिंतीवर टांगला, की काटा थेट ‘स्टॉर्मी’वर जाऊन बसतो. बाहेर ऊन मी म्हणत असतं. यंत्र बिघडलंय, असं घरचे ठरवून टाकतात. पण ते बहुधा ठणठणीत असतं. तबकडीवरचे शब्द युरोपातल्या, समुद्रसपाटीलगतच्या गावांसाठी छापलेले आहेत. बारामती साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर. इथे हवेचा दाब बारमाही 950 हेक्टोपास्कलच्या आगेमागे, म्हणजे पाऱ्याच्या 28 इंचांजवळ असतो, आणि नेमकं 28 वरच ‘स्टॉर्मी’ लिहिलेलं असतं. मोबाइलचा सेन्सर 950 आणि हवामानाचं ॲप 1008 दाखवतं, तेव्हाही कुणी खोटं बोलत नसतं. ॲप समुद्रसपाटीला बेतलेला आकडा देतं, नाहीतर बारामती आणि मुंबईची तुलनाच करता आली नसती.

‘दुपारी दाब उतरला, आता संध्याकाळी पाऊस’ हा तर्क याहून फसवा. तो खोडायला बॅरोग्राफचा कागद पुरेसा आहे. या यंत्रात हवा काढून बंद केलेल्या पातळ धातूच्या डब्या एकावर एक रचलेल्या असतात. दाब वाढला की त्या चेपतात, कमी झाला की फुगतात. ती हालचाल तरफांमधून पेनापर्यंत जाते आणि घड्याळाच्या यंत्रणेवर आठवड्यात एक फेरी घेणाऱ्या नळकांड्यावर रेघ उमटते. निरभ्र आठवड्यातही ही रेघ सरळ नसते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास ती वर चढते, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली येते. ओझोन आणि बाष्प सूर्याची उष्णता शोषतात, त्याने सगळं वातावरणच हेलकावे खातं. उन्हाळ्यात हा फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा असतो. म्हणून आज दुपारी चारचा आकडा आज सकाळच्या दहाशी ताडू नये; कालच्या दुपारी चारशी ताडावा.

वळवाच्या पावसात तर पेन उलटंच वागतं. इंदापूरकडे ढग भरून येतात, ढगातली थंड, जड हवा जमिनीवर आदळते आणि रेघ झटकन वर उसळते. पण तोवर वारा डाळिंबाच्या बागेत शिरलेला असतो. गारपिटीची आगाऊ सूचना या यंत्राकडून मागणं अन्यायाचं आहे. ते काम रडारचं. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे.

दमट हवा जड असते, हाही असाच एक पक्का समज. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे घामाने जीव नकोसा होतो त्या दिवशी हवा उलट किंचित हलकीच असते.

राहिला अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा. बातमी आली की बारामती-इंदापुरात पेरणीची चर्चा सुरू होते. एरवी त्याचा पाऊस कोकण आणि घाटमाथ्यावरच रिकामा होतो, आपल्या वाट्याला पर्जन्यछाया येते. अपवाद घडतात ते कमी दाबाचं क्षेत्र स्वतःच घाट चढून आलं तर. 24 मे 2025 रोजी असंच एक क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीदरम्यान किनारा ओलांडून पूर्वेकडे सरकलं. त्या दिवसांत बारामती, इंदापूर, दौंडमध्ये पिकं पाण्याखाली गेली आणि नीरा डावा कालवा फुटला.