अंबडचा डोंगर-मासा

मासा कुठे असतो? पाण्यात! पण जालना जिल्ह्यात अंबडला एक मासा चक्क जमिनीवर पसरलाय. समुद्र तिथून सुमारे ३०० किलोमीटर लांब! आणि हा मासा आहे एक डोंगर!

डोंगराचा आकार माशासारखा. वर देवीचं जुनं देऊळ. देवीचं नाव काय, ठाऊक आहे? मत्स्योदरी! मत्स्य म्हणजे मासा आणि उदर म्हणजे पोट.

आता गंमत बघ हं. एरवी देवावरून डोंगराला नाव पडतं. इथे डोंगराच्या आकारावरून देवीलाच नाव मिळालं! नवरात्रात इथे मोठी जत्रा भरते. आणि हा मासा थेट जालन्याच्या कॉलेजापर्यंत पोचलाय बरं का! तिथल्या एका शिक्षणसंस्थेचं नावच आहे 'मत्स्योदरी'.

अंबडच्या नावाचीही कहाणी सांगतात. अंब नावाचा एक राजा होता. राज्यकारभाराला तो कंटाळला आणि याच डोंगरातल्या एका गुहेत येऊन राहिला. त्याच्यावरून गावाचं नाव अंबड!

पण हा मासा घडवला कुणी?

आई धिरडी करते ना? एक झालं की त्यावर दुसरं, मग तिसरं. ताटात चळत होते! आपला मराठवाडा अस्साच तयार झालाय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या. आतून लालभडक, वितळलेला खडक वाहत आला. त्याला म्हणतात लाव्हा. तो पसरला, थंड झाला, घट्ट झाला. त्यावर पुन्हा नवा लाव्हा! थरावर थर! तेव्हा भारतात डायनोसॉर फिरत होते, बोल!

मग आले पाऊस, वारा आणि ओढे. त्यांनी ही चळत लाखो वर्षं कुरतडली. कुठे जास्त, कुठे कमी. उरले ते डोंगर. त्यातलाच एक उरला माशासारखा!

इकडे कधी आलास किंवा आलीस, तर वाटेतला एखादा काळा दगड उचलून नीट बघ. काही दगडांना बारीक भोकं असतात. धिरड्याला जाळी पडते ना, तश्शीच! लाव्ह्यातली वाफ आणि वायू बाहेर पडू बघत होते, तेवढ्यात लाव्हा घट्ट झाला. बुडबुडे आतच अडकले! कधी कधी त्या भोकात पांढरे, चमचमणारे स्फटिकही सापडतात.

घाल त्या भोकात नख. गेलं? अगं, अरे, तुझं नख आत्ता साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बुडबुड्यात आहे!