‘डी ड्राइव्ह’ म्हणजे नेमकी कोणती डिस्क?

नेरूळ स्टेशनबाहेर रिक्षात बसून नुसतं “सेक्टर दहा” म्हटलं, तर रिक्षावाल्याला पुढे काही विचारावं लागत नाही. पण पुण्याहून पाठवलेल्या कुरियरवर “सेक्टर १०, नवी मुंबई” एवढंच लिहिलेलं असेल तर? सेक्टर १० वाशीतही आहे, ऐरोलीतही आहे आणि खारघरमध्येही. प्रत्येक नोडमध्ये सेक्टरचे आकडे नव्याने सुरू होतात. म्हणजे हा आकडा नोडच्या आत कामाचा आणि बाहेर अपुरा. खाली पिनकोड असला की प्रश्न मिटतो: नेरूळचा ४००७०६, वाशीचा ४००७०३.

ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात लागू झाली. ती बसवली केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. वेलणकर संस्कृतचे मोठे कवीही होते. देशात एकाच नावाची अनेक गावं, त्यात पत्ते निरनिराळ्या भाषांत आणि लिप्यांत. मग पत्रं भलतीकडे जायची. नावावर भरवसा ठेवता येत नाही म्हणून आकड्याची ओळख तयार करावी लागली.

तुमच्या कॉम्प्युटरमधले ‘सी’, ‘डी’, ‘ई’ हे ड्राइव्ह आणि ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ हे आकडे सगळे “सेक्टर १०”च्या जातीचे आहेत. त्या मशीनपुरते, तेही त्या वेळेपुरतेच खरे. पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला की कालचा ‘ई’ आज ‘एफ’ होतो, हे बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं. त्यात एवढं विशेष काय, असं वाटेल. पण चुकीची डिस्क फॉरमॅट होणं, बॅकअप भलत्याच पेनड्राइव्हवर जाणं आणि कोर्टात सीसीटीव्ही फुटेजवर प्रश्न उभा राहणं, या तिन्हीचं मूळ इथेच आहे.

अक्षरं आली कुठून?

१९७४ च्या सुमारास गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. त्या काळी छोट्या कॉम्प्युटरला एक किंवा दोन फ्लॉपी ड्राइव्ह असायचे. त्यांना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणणं सोपं होतं. मायक्रोसॉफ्टच्या डॉसने तीच पद्धत उचलली. १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन आला, तेव्हा तिच्या वाट्याला तिसरं अक्षर आलं, ‘सी’. फ्लॉपी केव्हाच गेली, तरी आजही विंडोज ‘सी’पासूनच सुरू होतं.

डॉसमध्ये ही अक्षरं कुठेही साठवलेली नसायची. मशीन सुरू झालं की दरवेळी नव्याने वाटप. आधी प्रत्येक डिस्कच्या पहिल्या मुख्य भागाला अक्षर, मग सगळ्या डिस्कवरच्या उपभागांना. आता समजा एका ऑफिसात एकच डिस्क आहे, तिचे दोन भाग ‘सी’ आणि ‘डी’, आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर ‘डी’वर. जागा कमी पडली म्हणून दुसरी डिस्क बसवली. दुसऱ्या दिवशी नव्या डिस्कचा मुख्य भाग ‘डी’ झालेला असायचा आणि जुना ‘डी’ सरकून ‘ई’वर गेलेला! सॉफ्टवेअर ‘डी’वर डेटा शोधतंय आणि तिथे रिकामी डिस्क. डेटा जागच्या जागी असायचा, पण ते समजेपर्यंत घाम फुटायचा.

डॉसच्याही खाली बायोस होता. त्याला डिस्क फक्त क्रमांकाने कळायच्या. पहिली हार्ड डिस्क हेक्स पद्धतीने ८०, दुसरी ८१. डिस्क कोणत्या कंपनीची, मॉडेल काय, सीरियल नंबर काय, हे विचारायची सोयच त्या जुन्या दरवाज्यात नव्हती. विचारता यायचं ते इतकंच: सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती? (होय, डिस्कवरही सेक्टर असतात, पण एकेक फक्त ५१२ बाइटचा. नेरूळचे बरेच मोठे.) या मोजणीला दिलेली जागाही तोकडी होती. १०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि ६३ सेक्टर यांचा गुणाकार सुमारे ८.४ जीबी होतो. १९९०च्या दशकात डिस्क त्यापुढे गेल्या, तेव्हा जुन्या मशीनना पलीकडची जागा दिसेचना. मग नवी पद्धत आणावी लागली. तरीही ‘८०’ हा मान कोणत्या डिस्कला मिळणार, हे बायोसमधल्या बूटच्या क्रमावरच ठरत राहिलं.

नंबर दिसतो, पण तो डिस्कचा नसतो

काळ्या खिडकीत ‘व्हॉल’ ही कमांड दिली की “व्हॉल्यूम सीरियल नंबर” म्हणून आठ हेक्स अंक येतात. हा डिस्कचाच नंबर, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो फॉरमॅट करतेवेळी तारीख आणि वेळ यांवरून बनवलेला ३२ बिटचा आकडा असतो. पुन्हा फॉरमॅट केलं की बदलला. डिस्कची हुबेहूब नक्कल काढली की दुसऱ्या डिस्कवरही तोच. काही जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स या आकड्याला बांधलेलं असायचं. त्यामुळे प्रामाणिक ग्राहकाने फॉरमॅट केलं की सॉफ्टवेअर बंद, आणि नक्कल करणाऱ्याचं मात्र व्यवस्थित चालू. ज्याच्यासाठी कुलूप लावलं, त्याच्याच हातात किल्ली.

विंडोजमध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी ड्राइव्हचा प्रकार विचारायची एक जुनी सोय आहे. तिची उत्तरं ठरलेली: काढता येणारा, पक्का बसवलेला, नेटवर्कचा, सीडी-रॉम, रॅम डिस्क. यूएसबी केबलने लावलेली बाहेरची हार्ड डिस्क तुम्ही खिशात घालून नेऊ शकता, पण विंडोजच्या लेखी ती बहुधा ‘पक्की’ असते. पेनड्राइव्ह बहुधा ‘काढता येणारा’. कारण ही सोय तुमची केबल बघत नाही. डिस्क स्वतःबद्दल जे सांगते तेच पुढे ऐकवते. आतमध्ये फिरणारी तबकडी आहे की एसएसडी, हे तर तिथे विचारताच येत नाही. जी सॉफ्टवेअर अजून याच उत्तरावर विसंबतात, ती “पेनड्राइव्ह सापडला नाही” म्हणत बसतात.

पेनड्राइव्हच्या अक्षराबाबत विंडोज आता जरा शहाणं आहे. पेनड्राइव्ह स्वतःचा सीरियल नंबर सांगत असेल, तर त्याचं अक्षर लक्षात ठेवलं जातं. स्वस्तातल्या पेनड्राइव्हना कधी हा नंबरच नसतो. मग विंडोज त्याला यूएसबी पोर्टवरून ओळखतं, आणि शेजारच्या पोर्टमध्ये लावला की तो नवाच पाहुणा ठरतो. रोज संध्याकाळी ‘ई’वर बॅकअप घेणारी फाइल बनवून ठेवलेली असेल, तर त्या दिवशी ‘ई’ कोण आहे, याची चौकशी ती करत नाही. त्यातून बॅकअप ‘मिरर’ प्रकारचा असेल, तर मूळ फोल्डरमध्ये नसलेलं समोरचं सगळं पुसलं जातं. लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह त्या दिवशी ‘ई’ झाला, तर फोटो गेले.

दोन डिस्क, दोघींचं माप ९३१

याहून धोकादायक जागा म्हणजे ‘डिस्कपार्ट’ हे साधन. डिस्कची यादी मागितली की ते क्रमांक, स्थिती, माप आणि मोकळी जागा दाखवतं. मॉडेलचं नाव नाही. एक टीबीच्या दोन डिस्क असतील, तर दोघींपुढे ९३१ जीबी (कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या). आता यातली जुनी कोणती आणि नवी कोणती? अंदाजाने ‘डिस्क १’ निवडून ‘क्लीन’ म्हटलं की साधन “नक्की का?” असंही विचारत नाही. डिस्क निवडल्यावर ‘डिटेल डिस्क’ ही कमांड दिली तर मॉडेल दिसतं, पण ती द्यायची आठवण त्या घाईत राहत नाही. सगळ्यात साधा उपाय पेचकसचा: जी डिस्क पुसायची नाही, ती आधी मशीनमधून काढून ठेवायची.

जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवताना वेगळीच गंमत होते. जुन्या पद्धतीच्या डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये चार बाइटची एक ‘सही’ असते. विंडोज डिस्क ओळखतं ते तिच्यावरून. नक्कल काढली की सहीचीही नक्कल होते. दोन्ही डिस्क एकाच वेळी लावल्या की विंडोज एकीला ऑफलाइन करतं. डिस्क खराब निघाली असं समजून लोक दुकानात परत जातात. हाताने ऑनलाइन केली तर विंडोज तिच्यावर नवी सही लिहितं, आणि पुढे त्याच डिस्कवरून मशीन सुरू करायला गेलं तर ते अडू शकतं, कारण बूटच्या नोंदीत जुनी सही असते.

लिनक्सवाले यातून सुटले असं नाही. तिथे ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावं डिस्क सापडण्याच्या क्रमाने मिळतात आणि पुढच्या वेळी उलटी होऊ शकतात. म्हणून आता बहुतेक लिनक्स १२८ बिटच्या यूयूआयडीने डिस्कचे भाग ओळखतात. हा खूपच भरवशाचा आकडा, पण नक्कल काढल्यावर तोही सोबत जातो.

मग खरी ओळख कुठे असते?

डिस्कच्या आत, कारखान्यात लिहिलेली. साटा डिस्कला “तू कोण?” असं विचारलं की ती २० अक्षरांपर्यंतचा सीरियल नंबर आणि ४० अक्षरांपर्यंत मॉडेलचं नाव सांगते. फॉरमॅट केल्याने हे बदलत नाही. पण तीच डिस्क यूएसबीच्या डबीत घातली की मध्ये एक दुभाष्या चिप येते. तिच्या भाषेत मॉडेलच्या नावाला फक्त १६ अक्षरं. काही डब्या डिस्कचा नंबर पुढे न देता स्वतःचाच सांगतात. आणखी एक भानगड अशी की साटा डिस्क ही अक्षरं जोडीजोडीने उलटी साठवते. काही जुनी सॉफ्टवेअर ती सरळ करायला विसरतात. स्क्रीनवरचा नंबर लेबलशी जुळत नसेल, तर शेजारशेजारच्या अक्षरांची अदलाबदल करून बघा.

कोर्टात काय होतं?

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी निवडणुकीला आव्हान दिलं. खोतकरांचे अर्ज दुपारी ३ ची वेळ टळल्यावर घेतले गेले, असा आरोप होता, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. त्या चित्रीकरणासोबत लागणारं प्रमाणपत्र गोरंट्याल यांनी मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा नकलेसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-बीचं प्रमाणपत्र बंधनकारकच आहे. ज्या मूळ उपकरणात नोंद झाली ते मालकाने स्वतः साक्ष देऊन सिद्ध केलं, तरच त्याची गरज नाही. इतर पुरावाही असल्याने खोतकरांचं अपील मात्र फेटाळलं गेलं.

१ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्राचा नमुनाच दिलेला आहे, दोन भागांचा. एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात उपकरणाचा प्रकार निवडायचा (डीव्हीआर, मोबाइल, फ्लॅश ड्राइव्ह वगैरे), आणि मग मेक, मॉडेल, रंग, सीरियल नंबर.

नेरूळमधल्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी चोरीला गेली, तर हा नमुना सेक्रेटरींच्या पुढ्यात येऊ शकतो. तिथे “ई ड्राइव्ह” लिहून भागत नाही, आणि ‘व्हॉल’ने दाखवलेला आकडा लिहिला तर तो उपकरणाचा नंबरच नव्हे. डीव्हीआरच्या मागच्या बाजूला आणि आतल्या हार्ड डिस्कवर छापील लेबल असतं. त्यावरचा नंबर घ्यायचा आणि लेबलचा फोटो काढून ठेवायचा, कारण उन्हात-धुळीत ही लेबलं पुसट होतात.

पेनड्राइव्हवर बऱ्याचदा छापील नंबर नसतोच. त्याच नमुन्यात फाइलची हॅश लिहायलाही जागा आहे: एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५. हॅश फाइलच्या मजकुरावरून निघते. ती फाइल कोणत्या पेनड्राइव्हवर, कोणत्या अक्षराखाली आहे याच्याशी तिला देणंघेणं नसतं. फुटेजमधला एक बिट बदलला तरी ती बदलते. ती काढायला वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ नावाची कमांड आधीपासून असते, आणि फुटेज पेनड्राइव्हवर उतरवल्याबरोबर, पोलिसांच्या हाती देण्याआधी, ती चालवून आलेला आकडा कागदावर उतरवायला फार वेळ लागत नाही.